न बघता दाबलेली जखम

अळ्यांचा हंगाम लागला की कपेंब्वाच्या सासुरवाडीचं निम्मं गाव जंगलात मुक्कामाला जातं. पाणथळीच्या कडेला गवताच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात. झाडांवरच्या अळ्या वेचायच्या, पिळून उकळायच्या, निखाऱ्यावर भाजून उन्हात वाळवायच्या. घरी खाऊन उरतील त्या पोत्यात भरायच्या.

त्या सकाळी मुक्काम ओस पडला होता. अळ्या विकत घेणारा ट्रक मोठ्या रस्त्याला आलाय अशी खबर आली आणि बायका पोती डोक्यावर घेऊन निघून गेल्या. पुरुषांपैकी काही त्यांच्याबरोबर गेले, काही मधाच्या मागे लागले होते. कपेंब्वाची बायको न्कांदूही निघाली. जाताना ती नवऱ्याला सांगून गेली की वारुळापलीकडच्या झाडांवर अळ्या लगडल्यात, तू फांद्या पाडून ठेव, आई मागनं येऊन वेचेल. मग खोपीमागे जाऊन आईला वेगळं सांगितलं की तो फांद्या पाडतोय, तू जरा लांबच बस. दोघांना एका जागी बसवून सांगायची सोयच नव्हती.

कारण जावयानं सासूकडे बघायचं नसतं. ती वाटेत समोर आली तर वाट सोडून गवतात पाठ करून उभं राहायचं. तिच्या पंक्तीला बसायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, आणि तिला हात लावायचा तर प्रश्नच नाही. पुढे कधीतरी दोन्ही घरची मोठी माणसं बसून रीतीप्रमाणे हे बंधन सोडवतात. कपेंब्वाच्या बाबतीत ते व्हायचं होतं. लग्नाला दोन पावसाळे होऊन गेले तरी त्याला सासूचा चेहरा नीटसा ठाऊक नव्हता. तिचा खोकला ठाऊक होता, आणि चालताना तिचा डावा पाय जरा बाहेर पडतो, तेवढं.

बोलणं व्हायचं ते कुत्र्यामार्फत. चिंब्वी त्याचं नाव. चिंब्वी म्हणजे तरस, पण हा इतका भित्रा की कोंबडी अंगावर आली तरी शेपूट घालायचा. सासूबाई त्याला सांगायच्या, ‘चिंब्वी, पाण्याचा डबा रिकामा झालाय बरं का,’ की कपेंब्वा डबा उचलून चालू लागायचा. लेकी बोले सुने लागे, तशातली गत. गावात ती बाना न्कांदू, म्हणजे न्कांदूची आई, म्हणून ओळखली जाई. बोलायला तिखट होती. कुत्र्याला उद्देशून ती जावयाची इतकी उणीदुणी काढायची की शेजारच्या खोपीतल्या बायका तोंडावर हात धरून हसत.

कपेंब्वानं दोन झाडांच्या फांद्या पाडल्या आणि तिसऱ्याकडे वळला. मागे कुठेतरी सासू वेचत असणार, एवढं त्याला माहीत होतं. मागे वळून बघायचं नाही म्हणून त्यानं बघितलं नाही. तीही जावयाच्या नजरेला पडू नये म्हणून झुडपाआड बसली होती. ते झुडूप त्या झाडाच्या किती जवळ आहे हे दोघांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं.

उन्हानं कुऱ्हाडीचा दांडा वाळून आखडला होता. त्यानं कुऱ्हाड डोक्यामागे नेली, आणि घाव घालायला हात खाली आणला तर हातात नुसता दांडाच होता. क्षणभर त्याला वाटलं पातं झाडातच रुतलंय. झाडावर तर खूणसुद्धा नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला, ओरडल्याचा नव्हे, कुणी पाण्यात पाय घसरून बसावं तसा.

झुडपाआड सासू बसली होती, पाय पसरून. पातं तिच्याजवळ पालापाचोळ्यात पडलं होतं. गुडघ्याच्या जरासं वर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला तिच्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेचं कापड फाटलं होतं आणि फाटलेल्या जागेतून रक्त येत होतं. येत होतं म्हणजे चांगलं वाहत होतं.

कपेंब्वानं पाठ फिरवली. सवयच ती. पाठ फिरवून तो उभा राहिला आणि मग त्याला कळेना की आता पुढे काय.

‘चिंब्वी,’ मागून सासूचा आवाज आला, जरा कापरा, ‘कुणाला तरी बोलावून आण.’

कुणाला? कपेंब्वानं मोठ्यानं हाका मारल्या. पाणथळीपलीकडे एक पक्षी ओरडला, बस. बायका रस्त्याला पोचून परत यायच्या म्हणजे ऊन कलणार. धावत जावं तर इथे हिला एकटं टाकायचं, आणि रक्त तर थांबत नव्हतं. थांबावं तर हात लावावा लागणार. इकडे आड तिकडे विहीर.

तो किटवे शहरात होता तेव्हा तिथल्या खाणीत एका ठेकेदाराकडे कामाला लागला होता. पहिल्या दिवशी सगळ्या नव्या माणसांना एका खोलीत बसवून एका गृहस्थांनी जखमांचं शिकवलं होतं. समोर एक रबरी हात ठेवला होता. कपेंब्वा मागच्या बाकावर होता, उपाशी होता, आणि खिडकीतून भाजलेल्या मक्याचा वास येत होता. आता त्याला त्या व्याख्यानाचे तुकडे आठवायला लागले. दाबा. बांधा. घट्ट बांधा. बांधू नका. वर उचला. उचलून बघू नका. काय वर उचलायचं आणि काय उचलून बघायचं नाही, याची सगळी गल्लत झाली होती. साप चावल्यावर काय आणि कापल्यावर काय, तेही वेगवेगळं आठवेना. मक्याचा वास मात्र लख्ख आठवत होता.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी त्याच्या कमरेला होती. ती त्यानं सोडली. तोंड दुसरीकडे वळवून, गुडघ्यावर सरकत तो मागे मागे गेला, आणि चाचपडत सासूच्या मांडीभोवती चितेंगेवरूनच ती पट्टी गुंडाळली. हात लावतोय या धास्तीनं गाठ ढिली बसली. रक्त थांबायच्या ऐवजी जास्तच यायला लागलं. ते त्याला दिसलं नाही, पण त्याच्या पोटरीला गरम लागलं.

‘याला बांधता येत नाही, चिंब्वी,’ सासू म्हणाली. ‘शेळी बांधल्यासारखं बांधतोय.’

त्यानं पट्टी सोडून टाकली. मग त्याला वाटलं, दाबा हेच खरं असावं, कारण तो शब्द सगळ्यात आधी आठवला होता. त्यानं अंगातला सदरा काढला, घडी केली, पुन्हा मान वळवली आणि समोरच्या झाडाच्या सालीवर नजर खिळवून सदरा हातानं दाबून धरला. सासूनं खांद्यावरचं कापड ओढून चेहरा झाकून घेतला. असे दोघे बसले, तो झाडाकडे बघतोय आणि ती कापडाआड. चिंब्वी लांबून मान वाकडी करून दोघांकडे बघत होता.

दाबूनही रक्त येतच होतं. त्याच्या करंगळीखालून ओघळ येत होता. आपण दाबतोय ना, मग हे का थांबत नाही? जोर कमी पडतोय की जास्त होतोय? की माणसाचं काही रक्त असं असतं, जे थांबतच नाही? खाणीतल्या गृहस्थांनी असं काही सांगितलं होतं का? त्यानं आणखी जोर लावला. सासू कण्हली.

मग तिनं चेहऱ्यावरचं कापड काढलं.

‘इकडे बघ,’ ती म्हणाली.

कपेंब्वाला वाटलं, कुत्र्याला म्हणतेय.

‘तुला म्हणतेय, कपेंब्वा. बघ इकडे. तू माझी मांडी दाबतोयस. जखम तर खाली, गुडघ्याकडे राहिलीय.’

आपलं नाव त्यानं तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. त्याची मान वळेना. आजोबांनी लहानपणी सांगितलं होतं की सासूकडे टक लावून बघणाऱ्याचे हात थरथरायला लागतात आणि ते आयुष्यभर थांबत नाहीत. त्याचे हात तर आधीपासूनच थरथरत होते. मग आता काय व्हायचं राहिलंय, असा एक विचार त्याच्या मनात आला, आणि तो बरोबर की चूक हे ठरायच्या आत त्यानं मान वळवली.

जखम चार बोटं लांब होती, माशाच्या तोंडासारखी उघडी. आत काहीतरी पिवळसर दिसत होतं. त्याला वाटलं, अळी चिकटलीय. तो बोटानं काढायला गेला आणि थबकला, कारण ती अळी नव्हती, ती तिचीच चरबी होती. त्यानं सदऱ्याची घडी उलटी केली, कोरडी बाजू बरोबर त्या तोंडावर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार टाकला.

‘असं,’ सासू म्हणाली. ‘आता कसं.’

वेचलेल्या अळ्यांचं पोतं शेजारी होतं. तिनंच ते ओढून घेतलं आणि टाच त्याच्यावर टेकवली. पाय वर असला की रक्त कमी येतं, हे तिनं बाळंतिणींच्या खोलीत कधीतरी पाहिलं होतं म्हणे. पण खरंच तसं असतं का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. कपेंब्वाला एकदम उमगलं की वर उचला म्हणजे पाय वर उचला. तसं असेल तर उचलून बघू नका म्हणजे फडकं उचलून बघू नका. निदान तसं असावं.

कारण त्याला फडकं उचलून बघायची जबर इच्छा होत होती. थांबलंय की नाही हे बघितल्याशिवाय कळणार कसं? सदरा ओला झाला तेव्हा त्यानं विचारलं, ‘बामायो, काढून दुसरं लावू का?’ बामायो म्हणजे आई. हा शब्द तिला उद्देशून त्यानं पहिल्यांदाच वापरला होता आणि वापरल्यावर त्याला तो भलताच मोठा वाटला.

‘तू शिकून आलायस ना किटवेहून?’

‘शिकलो होतो. आठवत नाही.’

सासूनं डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. ‘काढू नकोस. वरूनच ठेव.’

तिचे केस पिकलेले होते, बारीक कापलेले, एका बाजूला जरा विरळ. ते बघायचे नव्हते, पण बघून झाले होते. त्यानं रुमाल सदऱ्यावर ठेवला आणि दाबत राहिला. दंड दुखायला लागले. चिंब्वीला रक्ताचा वास लागला, तो पुढे आला आणि पायाखालचं रक्त चाटायला लागला. सासूनं त्याच्या तोंडावर अशी चपराक दिली की तो कुईं करत पळाला.

काही बोलल्याशिवाय वेळ सरत नव्हता. तिचे डोळे मधूनच मिटत होते. झोपू द्यावं की जागं ठेवावं? त्यानं विचारलं, थंडी वाजतेय का. ती म्हणाली, ऊन असूनही वाजतेय. त्यानं एका हातानं दाब ठेवून दुसऱ्या हातानं तिच्या अंगावर ते खांद्याचं कापड नीट पसरलं.

‘मी न्कांदूला सांगितलं होतं,’ ती डोळे न उघडता म्हणाली, ‘हे पोरगं नको म्हणून. मुकं आहे. याच्या मनात काय चाललंय कळत नाही.’

‘मला तुमच्यापुढे बोलायचंच नव्हतं ना, बामायो.’

तिनं डोळे उघडले. ‘हो, तेही खरंच,’ ती म्हणाली, आणि हसायला गेली तशी वेदनेनं ओठ चावला.

रुमालाच्या वरपर्यंत रक्त आलं नाही. हे आधी दोघांपैकी कुणाला कळलं, सांगता यायचं नाही. कपेंब्वानं हळूच दाब कमी केला, तरी आलं नाही. आता तिनं चुलीतली राख आणायला सांगितलं. राख भरली की जखम वाळते, तिच्या आईनं, आजीनं हेच केलं होतं. कपेंब्वा अडला. त्याच्या स्वतःच्या पायाला लहानपणी राखच लावली होती, आणि तो पाय बराही झाला होता. पण चुलत भावाच्या पायालाही राखच लावली होती, तो पाय सुजला, त्यातून पू आला आणि भाऊ पुढे लंगडतच राहिला. मग राख चांगली की वाईट?

‘राख नको,’ तो म्हणाला. ‘खाणीतल्या माणसानं सांगितलं होतं, राख नको, माती नको, पाला नको. काही भरायचं नाही.’

त्या गृहस्थांनी असं सांगितलं होतं की नाही, हे त्याला अजिबात आठवत नव्हतं. पण त्यानं ते अशा ठामपणे सांगितलं की सासूनं राखेचा हट्ट सोडला, आणि मग तो आणखीच घाबरला, कारण आता उद्या काही बरंवाईट झालं तर ते त्याच्या माथी येणार होतं.

चितेंगेची एक किनार फाडून त्यानं सदरा आणि रुमाल जागेवर बांधले. या वेळी बघून बांधले. थोड्या वेळानं पायाची बोटं बधीर वाटतायत असं ती म्हणाली, तेव्हा त्यानं गाठ जरा सैल केली आणि अंगठ्याला हात लावून बघितला. गरम होता. मग तिच्या हाताचा तळवा त्यानं बांधलेल्या जागेवर ठेवला, दाबून धरा म्हणाला, आणि मुक्कामाकडे सायकल आणायला पळाला. पळताना मनात एकच, आपण येईपर्यंत ही झोपू नये.

ती झोपली नव्हती. बाटलीतलं उकळलेलं पाणी त्यानं तिला घोट घोट पाजलं. उचलून सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवलं, जखमी पाय दोरीच्या झोळीत आडवा टांगला आणि सायकल ढकलत निघाला. वाट खडबडीत होती. प्रत्येक खड्ड्याला ती त्याच्या उघड्या पाठीचा आधार घ्यायची आणि लगेच हात काढून घ्यायची. आधी त्याला वाटत होतं तिनं हात ठेवू नये. पुढे वाटायला लागलं, काढू नये. दोन्हींत कुठलं बरोबर, ते त्याला दवाखान्यापर्यंत ठरवता आलं नाही.

वाटेत मध काढून परतणारे म्हातारे न्सोफ्वा, मानानं म्हणायचं तर बा न्सोफ्वा, भेटले. त्यांनी उघडा जावई पाहिला, उघड्या डोक्याची सासू पाहिली आणि आधी वाट सोडून गवतात तोंड फिरवून उभे राहिले. मग रक्त दिसलं तसे परत आले आणि चढणीला मागून सायकल ढकलू लागले. काय झालं, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

दवाखान्यात मवीला नावाची नर्स होती. ही तुमची कोण, असं तिनं विचारल्यावर कपेंब्वा अडखळला. नर्सनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाईकडे, आणि ओळखलं. ती म्हणाली, दाबून धरलंत ते चांगलं केलंत, राख नाही भरली ते त्याहून चांगलं. पहिल्यांदा ट्यूब बांधली होती, हे त्यानं कबूल केल्यावर तिनं कपाळाला हात लावला. तशी अर्धवट बांधली तर रक्त वाढतं, म्हणाली. रक्त कशानंच थांबत नसेल तरच आवळून बांधायचं, तेही रुंद पट्टीनं. आज दाबूनच थांबत होतं. कपेंब्वा मान डोलवत राहिला. हे सगळं आपण त्या खोलीत ऐकलं होतं, याची आता त्याला खात्री वाटत होती. पण ती खात्रीसुद्धा आत्ताच तयार झालेली असू शकते, असंही वाटत होतं.

टाके घालायची वेळ आली. जखम धुताना पाय धरायला माणूस हवा होता. कपेंब्वा दाराशी होता. बाहेर ओट्यावर गावातल्या चार बाया बसल्या होत्या, त्या बघत होत्या. सासू नर्सला म्हणाली, ‘जावयांना बाहेरच राहू दे.’ जंगलात तो तिच्यासाठी ‘तू’ होता, इथे ‘ते’ झाला. एका बाईला आत बोलावलं गेलं. कपेंब्वा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत बोलावलं नाही याचं त्याला वाईट वाटलं, पण बोलावलं असतं तर तो गेलाच असता, असंही नव्हतं. आतून सासूचा आवाज आला नाही. धनुर्वाताची सुई टोचताना तेवढी ती नर्सला काहीतरी तिखट बोलली आणि बाया हसल्या.

न्कांदू रडत आली. आईला बघून झाल्यावर नवऱ्याकडे आली आणि एवढंच विचारलं, की जखम कुणी बांधली. त्यानं सांगितलं. नवऱ्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, हे तिच्या चेहऱ्यावर आलटून पालटून दिसत होतं.

मग मोठी माणसं बसली. न्कांदूचे मामा, बा सांपा, त्यांच्याच शब्दाला घरात मान. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बराच वेळ नुसती तपकीर ओढली. एकजण म्हणाला, कुऱ्हाड जावयाची, जखम त्याच्यामुळे झाली, वर त्यानं सासूला हात लावला, त्यानं कोंबडी द्यायला हवी. दुसरा म्हणाला, हात लावला नसता तर आज आपण रडायला बसलो असतो, कोंबडी आपण त्याला द्यायला हवी. तिसऱ्यानं विचारलं, की सासूकडे बघितलं ते जखम बघायच्या आधी की नंतर, आणि यावर चांगलीच वादावादी झाली. कपेंब्वाला विचारलं तर तो म्हणाला, आठवत नाही. ते खोटं नव्हतं.

शेवटी बा सांपांनी सांगितलं, दोन्ही घरांनी एकमेकांना कोंबडी द्यावी आणि विषय संपवावा. बंधन रीतीप्रमाणे कापणीनंतर सोडवू, तोवर पहिल्यासारखंच चालू दे. त्याप्रमाणे कोंबड्या आल्या. एकसारख्याच करड्या होत्या, एकाच खुंटाला बांधल्या, आणि दुपारपर्यंत कुठली कुणाची यावरून पुन्हा भांडण लागलं.

पहिल्यासारखंच म्हणजे कसं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कपेंब्वा पाण्याला निघाला तेव्हा सासू अंगणात काठी टेकत उभी होती. तो सवयीनं वळला आणि पाठ करून उभा राहिला. पाठीवर तिची नजर होती की नाही, कळेना. आपण आत्ता नक्की काय लपवतोय, तेही कळेना. न्कांदू घरात नव्हती. कुत्राही कुठे भटकायला गेला होता.

‘शनिवारी टाके काढायचेत,’ ती म्हणाली. ‘सायकलीत हवा भरून ठेवायला हवी.’

हे कुणाला म्हटलं, म्हणून त्यानं समोरच्या रिकाम्या वाटेकडे बघितलं. मग पाठ तशीच ठेवून म्हणाला, ‘हो, बामायो.’